लाखामागे दोन

फळ्यावरची रेघ इंद्रजीत सरांनी निळ्या मार्करने काढली. काढताना त्यांचा हात असा सराईत वर चढला आणि खाली उतरला की समीक्षाला वाटलं, सर डोंगर काढतायत. शहापुरातल्या या अभ्यासिकेच्या मागच्या खिडकीतून माहुलीचे सुळके दिसतात. वाचून वाचून डोळे दुखले की पोरं तिकडे बघत बसतात. सरांचंही लक्ष तिकडेच गेलं असेल, असं म्हणून ती पाण्याचा जार स्टँडवर चढवायच्या कामाला लागली. सकाळी कुलूप उघडायचं, झाडू मारायचा, पेपर दांड्यांना लावायचे, जार भरायचा, सगळी गेली की फळा पुसून दिवे घालवायचे, ही तिची नोकरी. अभ्यास हा तिचा प्रांत नव्हे. कानावर खूप पडायचं, आणि पडलेलं बहुतेक दुसऱ्या कानाने निघून जायचं, ते बरंच होतं. पण सरांनी रेघेच्या टोकाशी मार्कर टेकवला आणि म्हणाले, "हा डोंगर नाही हां. हे आपल्या देशातले खून."

पोरं हसली. सर पुढे सांगत होते, लाख माणसांमागे वर्षाला किती खून होतात, त्याचा हा आलेख. साठ-सत्तरच्या दशकात चढायला लागला, चढत चढत ब्याण्णवच्या सुमाराला टोक, साडेचारच्याही वर. आणि तिथून जी उतरण लागली ती आजतागायत. आता लाखामागे दोनच्या आसपास. लिहून घ्या, विचारतात. भातसानगरची संघरत्ना पुढच्या बाकावर बसायची. बाप धरणावर कामाला, पोरगी पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळून मग इथे यायची आणि प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची. तिने विचारलं, "सर, पण उतरली का? माणसं सुधारली?" यावर सरही हसले. कारणं बरीच देतात, म्हणाले. शिक्षण, पोलीस, म्हातारा होत चाललेला देश. "पण एक कारण कोणी लिहीत नाही, ते तुम्ही लिहा. रस्ते आले, मोबाईल आले, एकशेआठची अँब्युलन्स आली. मारामाऱ्या कदाचित तेवढ्याच होत असतील रे. पण पूर्वी जे मरायचे, ते आता वाचतात." जारचं तोंड स्टँडच्या भोकात बसलं नाही. पाणी भळभळा फरशीवर आलं, तिच्या चपलांत गेलं, आणि तिला ते जरा वेळाने कळलं.

वाचतात. फरशी पुसताना ती तो शब्द घोळवत राहिली. सर बोलले ते आनंदानेच बोलले होते, त्यात त्यांचं काय चुकलं? वाचणं ही चांगलीच गोष्ट. तिने मान वर करून रेघेच्या टोकाकडे पाहिलं, आणि तिला तिथे गोमा दिसला. ब्याण्णव नसेल, दोन-तीन वर्षं पुढे असेल, पण टोकाच्या जवळच. तिचं माहेर काळूपलीकडे, मुरबाड तालुक्यात. ती पहिली-दुसरीत असताना श्रावणात गावच्या गोमाला त्याच्या मेव्हण्याने, लडकूने, कोयत्याने मारलं होतं. भांडण कोंबड्यावरून. गोमाला घोंगडीची झोळी करून बांबूला लटकवून नदीपर्यंत आणलं, पण काळू दुथडी भरून वाहत होती. पाणी उतरायची वाट बघत झोळी काठावरच्या उंबराखाली ठेवली. गोमा पाणी मागत होता, आणि माणसं म्हणत होती, पाजू नका, पोटात वार आहे. ती आज्याचं बोट धरून उभी होती. पाणी उतरायच्या आत गोमा आटोपला. मग फौजदार आला, पंचनामा झाला, लडकू जन्मठेपेला गेला. खून झाला, असं सगळं गाव म्हणालं. गोमाची बायको तेव्हा ऊर बडवून रडली. वर्ष-दीड वर्ष गेलं आणि ती मुरबाडच्या बाजारात रानातली शेवळं आणि करटोली विकायला बसू लागली. पुढे तिने पाट लावला. समीक्षाला तिचं रडणं नाही, बाजारातलं हसणं आठवत होतं. तोंड भरून हसायची. एकदा तिने समीक्षाच्या परकरात फुकट मूठभर करटोली टाकली होती आणि म्हणाली होती, खा, गोरी होशील.

त्या बाईचा हेवा वाटावा, हे काही बरं लक्षण नाही. पण वाटायचा. इतकी वर्षं वाटत आला होता, आणि तो कशाचा हे आज फळ्यावर कोणीतरी निळ्या शाईने दाखवून दिलं होतं. गोमा त्या चढणीवर होता म्हणून मेला. तिचा नवरा हरेश उतरणीवर होता, म्हणून वाचला.

करोनाच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. राब भाजायचे दिवस. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं तिथे फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं, हे काम सगळं गाव करतं, पण वारा पडल्यावर. हरेशला दुसऱ्या दिवशी कंपनीत ड्युटी होती आणि त्याला कशालाच थांबायची सवय नव्हती. ती भाकऱ्या घेऊन शेतावर गेली तेव्हा तो काडी ओढत होता, आणि बांधापलीकडून थोरला भाऊ देवराम हातात कुऱ्हाड घेऊन ओरडत होता, "हरेश, वारा हाय रे. सांजच्याला लाव." हरेशने त्याच्याकडे बघून शीळ घातली. दाराशी आला की घालायचा तीच शीळ. तिला ती फार आवडायची. आग बांध ओलांडून गेली. देवरामची पेंढ्याची गंज पेटली, गंजीच्या सावलीला बांधलेला खोंड भाजला. खोंड ओरडत होता आणि हरेश म्हणत होता, "भरून देईन ना दादा, एवढं काय." देवराम मुंगीलाही वाट देणारा माणूस. त्याने कुऱ्हाड उलटी धरली आणि हरेशच्या डोक्यात एकदाच घातली. मग स्वतःच कुऱ्हाड टाकून भावाला खांद्यावर उचललं, रडत रडत सडकेपर्यंत पळत नेलं, आणि स्वतःच्या मोबाईलवरून एकशेआठला फोन लावला. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत म्हणून वाचले. ती डॉक्टरांच्या पाया पडली. कवटीचा एक तुकडा काढलेला हरेश घरी आला तेव्हा दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्याचे डोळे उघडे होते. तेव्हापासून उघडेच आहेत, आणि त्यांत कोणी येत नाही, कोणी जात नाही. चमच्याने पेज घातली तर गिळतो. दुखणं हत्तीच्या पायांनी येतं आणि मुंगीच्या पायांनी जातं म्हणतात. हे मुंगीच्या पायांनीही निघायला तयार नव्हतं.

घर एकच, मधे वाटणीची भिंत. वाटणीच्या वेळी भिंतीतलं दार बंद केलं होतं ते हरेश पडल्यावर उघडलं. देवराम काही महिन्यांनी जामिनावर सुटून आला आणि त्याच्या वकिलाने त्याला बजावलं, आता खुनाचा प्रयत्न एवढीच केस आहे, पण भाऊ गेला तर खुनाची होईल. तेव्हापासून देवरामची बायको जया मधल्या दारातून या बाजूला आली ती आलीच. समीक्षा शहापूरला नोकरीला जायची, तेव्हा दिवसभर जाऊ त्याला बघायची. अंग पुसायचं, कुशीवर करायचं, पाठीला तेल लावायचं. रात्रीचा पहिला भाग जयाचा, नंतरचा समीक्षाचा. देवराम ओढ्यातून खेकडे धरून आणायचा आणि जया ते पाट्यावर ठेचून, गाळून, त्याचं पाणी चमच्या-चमच्याने पाजायची. एवढ्या वर्षांत पाठीला एक फोड आला नाही. डॉक्टरही नवल करायचे. गावात बायका म्हणायच्या, जाऊ असावी तर अशी. समीक्षा मान हलवायची. जयाला पुण्य नको होतं, नवरा हवा होता. यात वाईट काय, हेही समीक्षाला कळायचं. आणि रोज दुपारी, हरेशची पेज झाली की, जया एक मिस कॉल द्यायची. फोन एकदा वाजून थांबायचा. उचलायचा नाही. त्याचा अर्थ, आहे.

तो मिस कॉल आला की समीक्षाला जे वाटायचं, ते समाधान नव्हतं. ती निराशा होती, आणि तिला हे नाव स्वतःपाशी घ्यायला पुष्कळ वर्षं लागली. रोज दुपारपर्यंत ती वाट बघायची की आज येणार नाही. आपण मनात मरण मागायचं आणि जयावहिनींनी त्याला जगवायचं, अशी दोघींत न बोलता वाटणी झाली होती, आणि वाटणी होती म्हणूनच मागायला भीती वाटत नव्हती. आणि मागण्यात फक्त स्वतःची सुटका नव्हती. तो गेला म्हणजे निदान जे झालं त्याला कोणीतरी नाव देईल, असं तिला वाटायचं. गोमाला दिलं तसं. आता लोक विचारायचे, नवऱ्याला काय झालंय? ती सांगायची, अॅक्सिडेंट. दुसरं काय सांगणार? खून झाला म्हणावं तर माणूस घरात पेज पितोय.

आणि गेले काही आठवडे मिस कॉल येत नव्हता. पहिल्या दिवशी ती जीप पकडून घरी धावली होती, तर हरेश होता तसाच होता आणि जया ओट्यावर तांदूळ निवडत होती. "विसरले गो," म्हणाली. मग रोजच विसरू लागली. खेकड्यांचं पाणी बंद झालं. ओढ्याला खेकडेच नाय, देवराम म्हणाला. परवा पाठ पुसताना समीक्षाला माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला, आणि त्यावर बोट दाबलं तर तो पांढरा होत नव्हता. थकली असेल जया, तिने स्वतःला समजावलं. कोण नाही थकणार?

वर्ग सुटला. पोरं चहाला खाली गेली. सर मार्करची टोपणं लावत होते तेव्हा ती फडकं पिळत पिळत फळ्याजवळ गेली. "सर, एक विचारू? समजा एक माणूस वाचला. आणि मग पडून पडून, पाच-सात वर्षांनी कशानेतरी गेला. तर तो या रेघेत कुठल्या वर्षात धरतात?" इंद्रजीत सर चांगला माणूस. स्वतः तीनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन आलेला, आता दुसऱ्यांच्या पोरांना शिकवतो. त्यांनी प्रश्नाची थट्टा केली नाही. विचार केला. म्हणाले, "ताई, कायद्याने म्हणाल तर घाव आणि मरण यांचा संबंध जोडून दाखवावा लागतो. वकील भांडतील, डॉक्टर काय लिहितात त्यावर जाईल. पण खरं सांगू? इतक्या वर्षांनी न्यूमोनिया-बिमोनिया लिहितात आणि संपतं. बहुतेक तो कुठंच धरत नाहीत." मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. "कोणाचं आहे हे?" "कोणाचं नाय," ती म्हणाली. "असंच. तुमी बोलला म्हणून."

कुठंच नाही. म्हणजे ती इतकी वर्षं ज्याची वाट बघत होती ते मुळात नव्हतंच. तो मेला असता तरी त्याला नाव मिळणार नव्हतं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली बाजारपेठेत माणसं होती, रिक्षा होत्या, कलिंगडांच्या गाड्या होत्या, आणि तिला उगाच वाटलं, या एवढ्या माणसांत किती जण असे असतील? घराघरांत मागच्या खोलीत उघड्या डोळ्यांनी पडलेले, वाचलेले, ज्यांच्यामुळे रेघ खाली येतेय. आणि त्यांना पेज भरवणाऱ्या बायका कुठल्या फळ्यावर असतील? तेवढ्यात फोन वाजला. एकदा वाजून थांबला नाही, वाजतच राहिला. जया होती. "भावजींना धाप लागलीय. तू येतेस?" आवाजात घाई नव्हती. शेजारीण आलीय, तू येतेस, असं सांगावं तसं.

जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर सोडेना. ती मागच्या सीटवर दोन बायकांच्या मधे बसली, आणि गाडी डोळखांबच्या रस्त्याला लागली तशी तिच्या मनात एक हलकेपणा यायला लागला, त्याची तिला शरम वाटली, पण तो थांबला नाही. झालं वाटतं. सुटतोय. उद्या परवा सगळं होईल, दहावं, तेरावं, मग मी मुरबाडला आईकडे जाईन आणि नुसती झोपेन. पलंग उन्हात टाकायचा. तो वास, तेलाचा, पेजेचा, उघड्या तोंडाचा, जायला किती दिवस लागतील? मग तिला त्याची शीळ आठवली. लग्नानंतर पहिल्या गौरीला ती माहेराहून परतली तेव्हा तो फाट्यावर सायकल घेऊन उभा होता, तिला बघून त्याने शीळ घातली आणि मग म्हातारी माणसं होती म्हणून लाजून इकडे तिकडे बघितलं. ती रडली. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं गो?" ती म्हणाली, "डोळ्यात गेलं." आणि मग किन्हवलीच्या अलीकडे कुठेतरी तिच्या ध्यानात आलं की जयाने एकशेआठबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. एरवी साधा ठसका लागला तरी जयाची बोटं आधी तिकडे जायची. गाडी निघाली, आली, एवढं तरी म्हणायची. आज म्हणाली, तू येतेस?

ती पोचली तेव्हा अंगणात देवराम दाव्याला पीळ देत बसला होता, त्याने वर पाहिलं नाही. जया उंबऱ्यात बसली होती, हात मांडीवर. आत हरेश श्वास घेत होता, आणि तो आवाज अंगणापर्यंत येत होता, चाळण ओढल्यासारखा. ओठ निळसर झाले होते. कपाळ तापलेलं. समीक्षा त्याच्याजवळ गेली, परत उंबऱ्यात आली. "वहिनी, गाडी बोलावली?" "नाय." "का?" जयाने तिच्याकडे पाहिलं. कपट नव्हतं त्या नजरेत, आणि हेच समीक्षाला पुढे किती दिवस छळत राहिलं. "मी बोलले तुझ्याशी बोलून मग करू," जया म्हणाली. "तुलाच इचारावं असं वाटलं. बस झालं ना गो आता? त्यांचे पण हाल, आपले पण हाल."

हे तर समीक्षाचंच बोलणं होतं, तिच्याच मनातलं, शब्दाला शब्द. ते दुसऱ्याच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकत होती. "आणि दादांची केस?" तिने विचारलं. अंगणात दाव्याचा पीळ थांबला. जया खाली बघून म्हणाली, "मागच्या तारखेला वकील बोलले, आता तसं नाय. लय वर्षं झाली. आता न्यूमोनियानं, तापानं गेले तर खून बसत नाय. भ्यायचं काम नाय." मग ती म्हणाली, "खरं सांगू समीक्षा? मी काय ठरवून नाय केलं. देवाशपथ नाय केलं. पण ते बोलले त्या दिवशी मला झोप लागली. इतक्या वर्षांनी. मग लागतच राहिली. आधी आपोआप जाग यायची, कुशीवर करायला. आता येतच नाय. सकाळ होते तेव्हाच डोळा उघडतो. मी काय करू?"

काय करणार होती ती? समीक्षा उंबऱ्यात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर. आत चाळण ओढली जात होती. तिने फक्त गप्प बसायचं होतं. उंबऱ्यात जावेशेजारी बसायचं, मांडीवर हात ठेवायचे, आणि संध्याकाळ व्हायची वाट बघायची. कोणी काही म्हणणार नव्हतं. कोणी मारलं असं होणार नव्हतं. तिला वाटलं होतं, ज्या दिवशी ती वेळ येईल त्या दिवशी आपण गप्प राहू आणि बाकीचे धावतील, आणि मग जे व्हायचं ते होईल. बाकीचे धावणारच नाहीत हे तिने कधी धरलंच नव्हतं. या घरात हरेश मरू नये असं वाटणारं आता कोणी उरलं नव्हतं. कोणाला तरी वाटत होतं, ते भीतीने का होईना, तोवर तो माणूस होता. तिला त्याची दया आली. आणि इतकी वर्षं आली नव्हती तेवढी, सगळी एकदम आली. तिने फोन काढला. "हॅलो," ती म्हणाली, "पेशंटला श्वास घेता येत नाय. लवकर या हो." पत्ता सांगताना तिचा आवाज इतका चढला की देवराम उठून उभा राहिला, आणि सवयीने, कोणी न सांगता, गाडीला वाट दाखवायला सडकेकडे निघाला.

गाडी वेळेत आली. ऑक्सिजन लावला. ती आत बसली, मास्कच्या प्लास्टिकवर धुकं येत होतं आणि जात होतं, येत होतं आणि जात होतं. दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण रात्रपाळीची, दमलेली होती, पण दुसऱ्या दिवशी तिने समीक्षाच्या खांद्यावर हात ठेवला. "वेळेवर आणलंत म्हणून वाचले," म्हणाली. समीक्षाने मान डोलावली. या वेळी ती पाया पडली नाही.

घरी आणलं तेव्हा त्याचे डोळे होते तसेच उघडे होते. माकडहाडावरचा डाग आता डाग राहिला नव्हता, जखम झाली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर ही हाडापर्यंत जाईल. समीक्षाने सगळा हिशोब मनात मांडून पाहिला. नोकरी सोडली तर खायचं काय? नाही सोडली तर दिवसभर याला कोण बघणार? जया बघेल, जया नाही म्हणणार नाही. दोन चमचे पेज घालेल, पाठ पुसेल, आणि मग उन्हं कलली की तिला झोप लागेल. निर्धास्त माणसाची झोप ती. तिला कोणी काय बोलावं?

संध्याकाळी जया चुलीवर पेज ढवळत होती. समीक्षा तिच्या मागे येऊन पाटावर बसली. बोलायचं काय हे तिने ठरवलं नव्हतं. बोलली तेव्हा तिला स्वतःचाच आवाज सरांसारखा वाटला, शिकवल्यासारखा. "वहिनी, आमच्या इंद्रजीत सरांना इचारलं मी. ते पोरांना कायदा शिकवतात. ते बोलले, तुमच्या वकिलाचं चुकलं." जयाची पळी चालू होती. "काय चुकलं?" "माणूस मारल्यानंतर उठला नाय आणि त्याच दुखण्यात गेला ना, मग कितीपण वर्षांनी गेला तरी खूनच लागतो. तीनशे दोन." "न्यूमोनियानं गेला तरी?" "न्यूमोनिया पडून राहिल्यानं होतो. डॉक्टरीणबाईपण तेच बोलल्या. आणि पडून कोणामुळं आहे?" पळी थांबली. "वीस वर्षांनी गेला तरी?" जयाने विचारलं. "तरी." पेजेला उकळी आली, उतू गेली, चुलीत चर्र झालं. जयाने भांडं उतरवलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू निघून जाताना समीक्षाने पाहिलं. गेल्या काही आठवड्यांत जयाचे गाल जरा भरले होते, डोळ्यांखालचं काळं उतरलं होतं, हे तिला आत्ता, ते परत जाताना दिसलं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, नाय गो, खोटं हाय, मी मनाचं सांगितलं, तू झोप. तोंडापर्यंत आलं होतं. जया उठली. पदराला हात पुसले. आत गेली आणि, नुकतंच केलेलं असूनही, तिने हरेशला पुन्हा कुशीवर केलं, पाठीमागे उशी लावली, आणि जखमेवरची माशी हाकलली. मग अंगणातल्या नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "अहो, ओढ्याला जाऊन येता का? बघा, एखादा तरी गावतो का."

सोमवारी समीक्षा कामावर गेली. परीक्षा जवळ आली होती म्हणून सरांनी सकाळीच उजळणी घेतली होती आणि रेघ पुन्हा फळ्यावर होती, तशीच, चढून उतरलेली. शेवटाशी आकडा लिहिला होता. पोरं जेवायला गेली, एकटी संघरत्ना डोकं खाली घालून घोकत बसली होती. समीक्षाने फडकं ओलं केलं. टोकाशी थोडा वेळ हात थांबला. मग तिने गोमाला पुसलं, आणि उतरणीला लागून खाली खाली पुसत आली. तिला आता कशाची वाट बघायची नव्हती, ना मरणाची, ना नावाची. आपण किती वर्षांची सोय करून ठेवली, जयाची आणि आपली आणि त्या बिचाऱ्या उघड्या डोळ्यांची, याचा तिला अंदाज येत नव्हता. दहा? वीस? तिने स्वतःच तर सांगितलं होतं, तरी म्हणून.

टेबलावरचा तिचा फोन वाजला आणि थांबला.

"ताई, मिस कॉल आलाय तुम्हाला," संघरत्ना वर न बघता म्हणाली. "परत नाय लावायचा?"

"नाय," समीक्षा म्हणाली. "तो लावायचा नसतो." आणि राहिलेला आकडा पुसून तिने फडकं बादलीत टाकलं.